रहमत मिस्त्रीने बांधलेली रायफल

दारव्ह्यात कोणाची बंदूक बिघडली की तो रहमत मिस्त्रीकडे जायचा. दुसरीकडे जायची सोयच नव्हती. बाजारओळीच्या टोकाला, बियाण्यांच्या दुकानापलीकडे त्याचं अरुंद दुकान. पुढे काउंटर, मागे लेथ आणि भिंतीला साखळीनं बांधलेल्या गिऱ्हाइकांच्या बंदुका. बापाच्या हाताखाली तो इथंच शिकला. बाप गेल्यावर दुरुस्तीचा आणि काडतुसं विकायचा परवाना त्याच्या नावावर झाला. गंजलेला घोडा सोडवायचा, चिरलेला लाकडी दस्ता बदलायचा, नळी साफ करून द्यायची. पन्नाशी उलटली तरी कामात बदल असा काही नव्हता.

रहमत स्वतः कधी शिकारीला गेला नाही. बाराचा आवाज त्याला मुळीच सोसत नसे. पण एखाद्या जुन्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, मनासारखा सरकू लागला की तो चार-चार वेळा उगीच मागे-पुढे करत बसायचा. जन्मभर दुसऱ्यांनी बनवलेलं दुरुस्त केलं, आपल्या हातची म्हणावी अशी एकही रायफल नाही, ही त्याची खंत होती. ती त्यानं बायकोला, जोहराबीला, तेवढी सांगितली होती.

म्हणून पुंडलिकराव कागद घेऊन दुकानात आले तेव्हा रहमतचा हात कामावरून आपोआप थांबला.

पुंडलिकराव महागावकडचे मोठे कास्तकार. तरुणपणी फौजेत होते. रहमतच्या बापाशी त्यांची दोस्ती होती, त्यामुळे रहमत त्यांना काका म्हणायचा. त्यांची जुनी रायफल पार झिजली होती. तिच्या बदल्यात त्याच बोरची, म्हणजे त्याच मापाच्या नळीची, दुसरी बांधून घ्यायला त्यांनी खटपट करून कलेक्टर कचेरीची परवानगी मिळवली होती.

"डुकरांनी तुरी पार लोळवल्या, रहमत," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "जंगल खात्यानं मारायची परवानगी देल्ली, पण या रायफलीनं डुक्कर मरत नाही, नुसतं चिडते. तुह्या बापाजवळ फौजेच्या दोन ॲक्शन होत्या. हायेत का अजून?"

रहमतनं मागच्या पेटीतून तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या दोन वस्तू आणून काउंटरवर ठेवल्या. ॲक्शन म्हणजे रायफलीचं मधलं पोलादी अंग. काडतूस तिथंच बसतं, मागून बोल्ट तिथंच अडकतो आणि बाराचा सगळा धक्का तेच अंग खातं. नळी बदलता येते, लाकूड बदलता येतं. ॲक्शन कच्ची निघाली तर सगळं फुकट. या दोन्ही ॲक्शन दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेनं भंगारात काढलेल्या मालातल्या. एक इंग्रजी, एक जर्मन. रहमतच्या बापानं त्या नागपूरच्या बंद पडणाऱ्या दुकानातून आणल्या होत्या. विकणाऱ्यानं देताना एवढंच सांगितलं होतं, की आमच्या गोदामाला एकदा आग लागली होती, त्यातला काही माल वाचला, काही नाही. यातलं कोणतं आगीतून निघालं ते मलाही माहीत नाही.

आगीत सापडलेलं पोलाद दिसायला तसंच दिसतं. घासून, काळी झिलई चढवून दुकानात मांडलं तर नवं वाटतं. पण त्याचा कस गेलेला असतो. म्हणूनच बापानं त्या दोन्हींना कधी हात लावला नव्हता.

पुंडलिकरावांनी इंग्रजी ॲक्शन उचलली. बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला. तो खटका ऐकताच त्यांचा सुरकुतलेला चेहरा एकदम हलका झाला.

"याच रायफलीवर शिकलो मी. झोपेतून उठवलं तरी हात चालत होता. हेच बांधून दे."

"काका, मले दोन दिवस पाहू द्या," रहमत म्हणाला. "अब्बा म्हणत होते, यातली एक जळकी हाय."

त्यानं दोन्ही ॲक्शनवर, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, कानस फिरवून पाहिली. जर्मन ॲक्शनवरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. इंग्रजीवर ती जरा धरली. जराच. इंग्रजी पोलाद त्या जागी मऊच ठेवलेलं असतं हे त्याला माहीत होतं. तेव्हा ते मऊ मुळातलं की आगीचं, हे कानस सांगू शकत नव्हती. पण त्याच्या बोटांना ते आवडलं नाही.

पुंडलिकराव पुन्हा आले तेव्हा त्यानं जर्मन ॲक्शन पुढे केली. "ही घ्या, काका. दिसाले बेढब हाय, पण भरवशाची हाय."

"अन् हिच्यात काय खोट हाय?"

"खोट दिसत नाही. पण मले बरं नाही वाटून राह्यलं."

पुंडलिकराव हसले. "वाटण्यावर कुठी रायफल बनते का बावा? बार करून पाह्य. टिकली तर टिकली, फुटली तर फेकून दे. याच्याहून सोपं काय हाय?"

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. नव्या बांधणीची परीक्षा तशीच घेतात. रहमतला आणखी काही बोलता आलं असतं. पण परवानगीचा कागद समोर होता, काका बापाच्या जागी होते, आणि त्याचं स्वतःचं मन कधीचं सांगत होतं, की बांध, ही संधी पुन्हा येणार नाही.

त्यानं रायफल बांधली. पावसाळा संपता संपता नळी बसली. दस्त्यासाठी जुन्या शिसवीचा तुकडा होता, तो त्यानं जवळजवळ सगळा हातानंच तासला. जोहराबी जेवायला बोलावून थकायची. एकदा ती दुकानात आली आणि अर्धवट झालेल्या त्या रायफलीकडे बघत उभी राहिली.

"अच्छी है," ती म्हणाली. मग जरा थांबून, "लेकिन तुम इसको ऐसे क्यूं देख रहे, जैसे कुछ बोलेगी?"

रहमतनं पुन्हा दस्ता तासायला घेतला.

परीक्षा गावाबाहेरच्या बंद खदानीत झाली. रायफल ट्रकच्या टायरला घट्ट बांधली, परीक्षेचं जादा जोराचं काडतूस भरलं, घोड्याला दोरी लावली आणि दगडाआड उभं राहून रहमतनं दोरी ओढली. खदान हादरली, पारवे उडाले. रायफल शाबूत होती. दुसरा बार केला. तरी शाबूत. पुंडलिकरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाह्य! जळकी म्हणे."

दुकानात आल्यावर, पुंडलिकराव चहा घेत असताना, रहमत आत गेला आणि त्यानं गेज लावून पाहिलं. बोल्ट आणि काडतूस यांच्यात फट किती हे त्या गेजवर कळतं. सकाळी गेज घालून बोल्ट मिटत नव्हता, तसंच हवं होतं. आता तो मिटला. बोट दाबून, अडत, पण मिटला. म्हणजे आतला खांदा, ज्याच्यावर बोल्ट टेकतो, तो दोनच बारांत केसभर मागे सरकला होता.

नवं काम आहे, बसतंय, असं रहमतनं स्वतःला सांगितलं. दोन-चार बारांनंतर थांबेल. बाहेर पुंडलिकराव हाक मारत होते. त्यानं रायफल पुसली, पिशवीत घातली आणि आणून दिली. "मधून मधून दाखवत जा, काका," एवढंच तो म्हणाला.

काडतुसं घ्यायला यायचं तर वापरलेल्यांच्या रिकाम्या पुंगळ्या आणून दाखवायच्या, असा रहमतच्या दुकानाचा शिरस्ता होता. पुंडलिकरावांकडून त्या आणायचा धावजी. त्यांच्याच गावाजवळच्या तांड्यावरचा, शेताची राखण करणारा, चाळिशीचा काटक गडी. रायफलीच्या परवान्यावर राखणदार म्हणून त्याचंही नाव होतं, त्यामुळे ती ने-आण करायला त्याला मोकळीक होती. आर्णीपर्यंत जीप, तिथून पुढे दुसरी जीप, असा तो बाजाराच्या दिवशी यायचा. डोक्याला रुमाल, खिशात शेंगदाणे. आल्याबरोबर मूठभर शेंगदाणे काउंटरवर ओतायचा आणि म्हणायचा, "खा, मिस्त्री."

पहिल्या खेपेच्या पुंगळ्या रहमतनं उजेडात धरून फिरवल्या. बुडापासून जरा वर, पितळेला गोल फिरलेली एक बारीक चकाकती रेघ होती. पुसट. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती. पितळ ताणलं जात होतं.

दुसऱ्या खेपेला थंडी पडली होती. रेघ आता न शोधता दिसत होती. रहमतनं वाकवलेली सुई पुंगळीत घालून आतून फिरवली. सुईचं टोक एका खाचेत अडकलं. सगळ्या पुंगळ्यांत, त्याच जागी. त्यानं शेवटची पुंगळी हळूच खाली ठेवली.

"काय झालं?" धावजीनं विचारलं.

"काही नाही. रायफल कशी चालते?"

"झकास! परवा रोही घुसला तुरीत, हा घोड्याएवढा, त्याले नाही मारलं. डुक्कर मात्र एका बारात लोळवलं." धावजी हसला. "बोल्ट जरासा जड जाते उघडताना. तळहातानं ठोकला की उघडते."

रहमतनं त्याला काडतुसं दिली नाहीत. माल आला नाही असं खोटंच सांगितलं. धावजी म्हणाला, चालते, घरी अजून हायेत. तो गेल्यावर रहमतनं पुंडलिकरावांना फोन लावला.

"काका, रायफल एकदा पाठवून द्या. मले पाहाची हाय."

"काय पाहतं? एकदम मस्त चालून राह्यली."

"फट वाढली असं वाटते. आता चालवू नका."

"पुन्हा तुहं ते वाटणं!" पलीकडून हसू आलं. "तुरी घरी येऊ दे, मग ठेवजो वर्षभर. आता डुकरांना काय सांगू, मिस्त्री सुट्टीवर हाय?"

रहमतनं "तरी पण काका" असं म्हटलं. तेवढ्यात तिकडे कोणीतरी आलं आणि फोन बंद झाला. त्यानं पुन्हा लावला नाही. उद्या लावू म्हणाला, आणि उद्या दुकानात गर्दी होती. पण त्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं. रस्त्यावर फटाका वाजला तरी तो दचकायचा. काकांचा चेहरा दस्त्याला टेकलेला, एक डोळा मिटलेला, असं त्याला काम करता करता दिसायचं आणि हातातली कानस थांबायची.

मग एका शुक्रवारी तो नमाजहून परतला तर जोहराबी दुकानात बसली होती.

"धावजी आया था. तुम्हारी राह देख के गया. खेत में सुअर उतरे बोला, रुकने को टाइम नहीं था. ये रख के गया."

कापडाची लहान थैली होती. रहमतनं ती काउंटरवर उलटी केली. पुंगळ्या घरंगळल्या. त्यातली एक त्यानं उचलली आणि तो तसाच उभा राहिला. रेघेच्या जागी पितळ अर्ध्यापर्यंत फाटलं होतं. फाटलेल्या कडेला काजळी होती. याच्या पुढची पुंगळी पुरती तुटणार, आणि सगळा जाळ मागे, चालवणाऱ्याच्या तोंडावर येणार.

"क्या हुआ?" जोहराबीनं विचारलं.

"मैं जाके आता," म्हणत तो मोटारसायकलकडे धावला.

पुंडलिकरावांचा फोन लागत नव्हता. आर्णीचा नाका, पुढे कापसानं लादलेल्या गाड्यांची रांग, त्यांच्या मागे अडकून तो हॉर्न वाजवत राहिला. सडकेच्या दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या होऊन उभ्या होत्या. ऊन कलायला लागलं होतं. डुकरं याच वेळी नाल्यातून वर येतात हे त्याला ठाऊक होतं. वाटेत तो दोनदा थांबला आणि फोन लावला. दोनदा तोच यंत्राचा आवाज.

पुंडलिकरावांच्या घरापुढे त्यानं गाडी टाकली आणि धावत आत गेला. पुंडलिकराव ओसरीवर बसले होते. धोतर मांडीपर्यंत वर, आणि त्यांची बायको इंदूबाई त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती.

रहमत तिथंच थांबला. तो पायरीवर बसला. काका घरी होते, धडधाकट होते.

"अरे, तू इथी?" पुंडलिकराव म्हणाले. "इंदू, पाणी आण याले. काय झालं बे?"

"रायफल," रहमत म्हणाला. "रायफल द्या, काका. आत्ता द्या. घेऊनच जातो मी."

"मग आधी धावजीले गाठ. त्याच्यापाशी हाय."

रहमतनं मान वर केली.

"या गुडघ्यांनी मी मळ्यात जातो का आता?" पुंडलिकराव सहज म्हणाले. "दिवाळीपासून तोच चालवते. हात चांगला हाय त्याचा."

म्हणजे साऱ्या पुंगळ्या धावजीच्या होत्या. ती फाटलेलीही. "तळहातानं ठोकला की उघडते," असं काउंटरवर शेंगदाणे ठेवून सांगणारा माणूसच ती चालवत होता, आणि रहमतनं त्याला माल आला नाही म्हणून परत पाठवलं होतं.

इंदूबाईनं आणलेलं पाणी तसंच राहिलं. मळ्याची वाट विचारून तो निघाला. नाल्यापर्यंत गाडी गेली, पुढे पाय. नाल्यात उतरून तो पलीकडचा चढ चढत होता, तुरीचे शेंडे दिसायला लागले होते, आणि तो ओरडला, "धावजीऽऽ! बार नको करू!"

बार झाला.

जन्मभर बार ऐकलेल्या माणसाला तो वेगळा आहे हे लगेच कळलं. सरळ, कोरडा आवाज नव्हता. काहीतरी फाटल्याचा, आखूड आणि जाड आवाज होता. त्यानंतर तुरीतून डुकरं पळाल्याची खसखस आली आणि मग माणसाचं ओरडणं.

धावजी बांधावर गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हात तोंडावर, बोटांमधून रक्त. रायफल बाजूला पडली होती. तिचं लाकूड उभं चिरलं होतं आणि ॲक्शनला एका बाजूनं तडा गेला होता. रहमतनं त्याच्या डोक्याचा रुमाल सोडून चेहऱ्याला दाबून धरला. धावजी थरथरत होता. "मिस्त्री? तुम्ही कुठून आले?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

पुंडलिकरावांच्या गाडीतून त्याला आधी महागावला आणि मग नागपूरला नेलं. जीव वाचला. उजवा डोळा गेला. पितळेचे बारीक कण गालात तसेच राहिले.

दवाखान्याच्या गॅलरीत पुंडलिकरावांनी रहमतला बाजूला घेतलं. या काही दिवसांतच ते एकदम म्हातारे दिसू लागले होते. "पोलीस बयान घ्याले येतीन. काडतूस खराब निघालं, एवढंच सांग. तुहा परवाना वाचते, माहाही वाचते. धावजीचा खर्च मी पाहतोच हाये, तुले माहीत हाय."

त्यांचं बोलणं दुष्टपणाचं नव्हतं, घाबरलेल्या माणसाचं होतं. आणि रहमतलाही ते हवंसं वाटलं, हे खोटं नाही.

तो वळला तेव्हा धावजीची बायको जमनी भिंतीपाशी उभी होती. तिनं किती ऐकलं कोण जाणे.

"मिस्त्री," ती म्हणाली, "बंदूक काहून फुटली?"

रहमतनं तिला सांगितलं. कानस धरली तेव्हापासून. गेज, रेघ, सुई, फोन. पुंडलिकराव मध्ये एकदा "रहमत" म्हणाले, पण तो थांबला नाही.

जमनी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्ही मालकाले फोन केला."

"हो."

"चालवत होता माहा माणूस. तो तुमच्या समोर उभा होता दुकानात. त्याले काहून नाही सांगतलं?"

काका चालवतात असं मला वाटलं, हे उत्तर रहमतच्या ओठावर आलं होतं. पण धावजीनं बोल्टची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली होती. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या मनातच आलं नाही. रायफल मालकाची, म्हणून धोकाही मालकालाच, असं तो धरून चालला होता. जमनी आत निघून गेली.

पोलिसांपुढच्या जबाबात रहमतनं तेच सांगितलं, जे तिला सांगितलं होतं. त्याचा परवाना गेला, पुंडलिकरावांचा अडकून पडला. दुकानातल्या बंदुका मोजून ठाण्यात जमा झाल्या, भिंतीवर नुसत्या साखळ्या राहिल्या. पुंडलिकरावांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. जोहराबीनं एका शब्दानं त्याला दोष दिला नाही. तिनं लेथ विकू मात्र दिलं नाही. आता तो त्यावर पंपाचे शाफ्ट आणि थ्रेशरचे सुटे भाग नीट करून देतो.

मधून मधून तो तांड्यावर जातो. सुरुवातीला जमनी त्याला बस म्हणत नसे. तो दारातच उभा राहून धावजीशी बोलायचा आणि परत यायचा. आता ती बाज टाकते, पण बोलत नाही. धावजी मात्र पूर्वीसारखाच बोलतो. एका बाजूला मान वळवून पाहायची सवय त्याला लागली आहे.

यंदा तुरीला शेंगा धरल्यावर रहमत गेला होता. धावजी दारात दोर वळत बसला होता. इकडचं तिकडचं झालं. मग धावजी आवाज खाली आणून म्हणाला, "मालकाचा परवाना मोकळा झाला. नवी रायफल आणून राह्यले नागपूरहून. मले म्हणे, तूच चालव."

रहमतनं विचारलं, "अन् तू काय म्हणाला?"

"हो म्हणलो. दुसरं काय म्हणू? डावा डोळा हाय ना शाबूत." तो हसला. गालातले काळे ठिपके हलले.

आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. जमनी दारात आली. नवऱ्याकडे न पाहता ती रहमतकडे पाहून बोलली, पहिल्यांदाच, इतक्या दिवसांनी.

"मिस्त्री, तुमच्या समोर सांगते. ह्या घरात आता बंदूक येणार नाही. त्याले जायचं असंल तर मालकाच्याच दारात राहावं."

धावजीनं दोर वळायचं थांबवलं नाही. खाली नाल्याच्या बाजूला कुठंतरी कुत्री भुंकायला लागली होती, आणि ऊन उतरत होतं. रहमतनं गाडीची किल्ली हातात घेतली, पण तो उठला नाही. या खेपेला जे सांगायचं ते धावजीलाच सांगितल्याशिवाय त्याला निघायचं नव्हतं.